कुत्र्याने चॉकलेट खाल्लं: कुठलं, किती आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरातल्या एका घरात वाढदिवसाच्या केकसाठी डार्क कंपाउंड चॉकलेटची लादी आणली होती. सात किलोच्या स्पिट्झने (आपल्याकडे सगळे त्याला पॉमेरियनच म्हणतात) रात्री ती ओट्यावरून ओढली. उरलेली लादी काट्यावर ठेवली तर साधारण ४५ ग्रॅम कमी भरते. तास उलटलाय आणि कुत्रा मजेत खेळतोय. आजींचं म्हणणं, "आतापर्यंत दहादा चॉकलेट खाल्लंय त्यानं, काही झालं नाही. फार तर मीठ-पाणी पाजा, उलटी होईल." घरच्यांना विचारायचंय की खरंच धोका आहे का, मीठ-पाणी द्यावं का, दवाखान्यात नेमकं करतात काय, आणि चॉकलेटची चटक लागलेल्या कुत्र्याला त्याऐवजी काय द्यावं.

आधी उत्तर, कारणं मागाहून. आत्ताच निघा. सकाळपर्यंत थांबू नका. मीठ-पाणी देऊ नका. उरलेली लादी वेष्टनासकट सोबत घ्या.

आता आजींच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो बहुतेक घरांत ऐकू येतो आणि तो खोटाही नाही. दहादा खाऊन काही झालं नसेल, यात नवल नाही. चॉकलेटमधलं विष म्हणजे थिओब्रोमिन, आणि त्याच्या जोडीला थोडं कॅफिन. दोन्ही कोकोच्या बीमध्येच असतात. साखर, दूध, तूप-तेल यांत ते नसतात. म्हणून चॉकलेटमध्ये कोको जितका जास्त, तितकं विष जास्त. मुलांच्या हातातलं दहा-तेरा ग्रॅमचं छोटं दुधाळ चॉकलेट घ्या. दुधाळ चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ही दोन्ही द्रव्यं मिळून सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास असतात. म्हणजे अख्खं चॉकलेट गिळलं तरी पोटात जेमतेम ३० मिलिग्रॅम गेलं. सात किलोच्या कुत्र्याला किलोमागे चार मिलिग्रॅम. त्रास दिसायला सुरुवात होते ती किलोमागे २० च्या आसपास. कुत्रा दहादा वाचला तो त्याच्या अंगी ताकद होती म्हणून नव्हे, मात्रा कमी होती म्हणून. अकराव्या वेळी तोच कुत्रा तेवढ्याच आकाराचा डार्कचा तुकडा खातो, तेव्हा पोटात दुप्पट-अडीचपट विष जातं. कोको पावडरचा डबा फोडला तर बारा पट.

कोणत्या वस्तूच्या एका ग्रॅममध्ये थिओब्रोमिन आणि कॅफिन मिळून किती, त्याचे ढोबळ आकडे असे धरा:

पांढरं चॉकलेट: ०.०४ मिलिग्रॅम, म्हणजे नसल्यासारखंच
दुधाळ चॉकलेट: २ ते २.३
साधं डार्क: ५ ते ५.५
७० टक्के किंवा त्याहून जास्त कोको असलेलं डार्क: ९ च्या आसपास
बिनसाखरेचं बेकिंग चॉकलेट: १६
कोको पावडर: २२ ते २८

आकडे ढोबळ म्हणण्याचं कारण असं की बी कुठलं, भाजलं कसं, कंपनीने किती घातलं यावर फरक पडतो. हिशेब करताना नेहमी वरचा आकडा घ्यायचा. चूक झालीच तर दवाखान्याची एक फेरी फुकट जाण्याच्या बाजूने व्हावी.

कंपाउंडबद्दल एक गैरसमज आहे, तो इथेच काढून टाकू. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची चरबी घालतात, म्हणून ते स्वस्त पडतं आणि नागपूरच्या उन्हाळ्यातही जरा तग धरतं. त्यावरून "हे खरं चॉकलेट नाहीच, मग कुत्र्याला काय होणार" असं लोक धरून चालतात. पण थिओब्रोमिन कोको बटरमध्ये नसतंच. ते कोकोच्या चरबी सोडून उरलेल्या घन भागात असतं, आणि डार्क कंपाउंडमध्ये तो भाग कोको पावडरच्या रूपाने घातलेला असतो. तेव्हा डार्क कंपाउंडला डार्क चॉकलेटचाच आकडा लावा. वितळवलं, भाजलं, ओव्हनमध्ये ठेवलं तरी थिओब्रोमिन जळून जात नाही. ब्राउनी आणि केकमध्ये ते जसंच्या तसं उतरतं.

आता तुमच्या कुत्र्याचा हिशेब. ४५ ग्रॅम गुणिले ५.५ म्हणजे सुमारे २५० मिलिग्रॅम. त्याला सातने भागा: किलोमागे ३५.

किलोमागे २० मिलिग्रॅमपासून उलट्या, जुलाब, तहान, अस्वस्थपणा. ४० ते ५० ला हृदयाची लय बिघडायला लागते. ६० च्या पुढे झटके. १०० ते २०० या टप्प्यात उपचार न मिळालेल्या कुत्र्यांपैकी निम्मे दगावू शकतात. तुमचा ३५ हा आकडा पहिल्या पायरीच्या बराच वर आणि दुसरीच्या अगदी खाली आहे. त्यात पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले, किंवा लादीत कोको जास्त निघाला, की ४० पार. म्हणून वाट बघायची नाही. कुत्रा म्हातारा असेल, हृदयाचा आजार असेल किंवा पूर्वी फिट येऊन गेली असेल तर मी २० चीही वाट बघणार नाही. १५ ला फोन उचलावा.

हाच हिशेब उलटा करून घरातल्या जनावरासाठी आधीच लिहून ठेवता येतो. वजन गुणिले २०, भागिले त्या वस्तूच्या एका ग्रॅममधला आकडा: इतक्या ग्रॅमपासून त्रास सुरू होतो. सात किलोच्या स्पिट्झला दुधाळ ६० ग्रॅम, साधं डार्क २५ ग्रॅम, आणि कोको पावडर फक्त ५ ग्रॅम, म्हणजे पोह्याच्या मोठ्या चमच्याने सपाट एक चमचा. तीस किलोच्या लॅब्रॅडॉरला दुधाळ २६० ग्रॅम, डार्क ११० ग्रॅम, कोको २१ ग्रॅम. चार किलोच्या मांजरीला दुधाळ ३५, डार्क १४, कोको तीन ग्रॅमही नाही. लॅब्रॅडॉरवाल्यांनी यावरून निर्धास्त होऊ नये. लॅब्रॅडॉर एक चॉकलेट खाऊन थांबत नाही, तो दिवाळीचा अख्खा गिफ्ट बॉक्स कागदासकट संपवतो.

कुत्र्याचं वजन माहीत नसेल तर त्याला उचलून बाथरूमच्या काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. दोन कुत्री असतील आणि कुणी खाल्लं ते कळत नसेल तर प्रत्येकाने सगळंच खाल्लं असं धरून दोघांनाही न्या.

केकचा हिशेब कृतीवरून होतो. समजा घरगुती ट्रफल केकमध्ये २५ ग्रॅम कोको पावडर आणि गनाशसाठी (चॉकलेट-क्रीमच्या घट्ट मिश्रणासाठी) १५० ग्रॅम डार्क कंपाउंड घातलं. कोकोचे ७००, कंपाउंडचे ८२५, मिळून सुमारे १५०० मिलिग्रॅम. तयार केक ७०० ग्रॅमचा झाला तर ग्रॅमला दोनच्या थोडं वर. १०० ग्रॅमच्या तुकड्यात २१५, म्हणजे सात किलोच्या कुत्र्याला किलोमागे ३०. एकाच तुकड्यात. बाजारच्या केकची कृती कळत नसेल तर काळाकुट्ट ट्रफल याच हिशेबात धरा. क्रीमचा, वरून चॉकलेटचा कीस भुरभुरलेला ब्लॅक फॉरेस्ट पुष्कळ सौम्य असतो. क्रीमची बिस्किटं, चॉकलेट आइस्क्रीम, दुधात घालायची माल्टची पावडर यांत कोको थोडाच असतो. तिथे विषबाधेपेक्षा साखर आणि चरबीने पोट बिघडण्याचीच शक्यता जास्त. चॉकलेट मोदक आणि चॉकलेट बर्फीचं मात्र सांगता येत नाही. कुणी खव्यात रंगापुरता कोको घालतं, कुणी निव्वळ कंपाउंड साच्यात ओततं. ज्यांनी केली त्यांना विचारा.

कुत्रा आत्ता खेळतोय याचा अर्थ काय? अर्थ इतकाच की अजून वेळ हातात आहे. लक्षणं साधारण सहा ते बारा तासांत दिसू लागतात, कधी त्याआधीही. ॲडेनोसिन नावाचं द्रव्य शरीरात मेंदू आणि हृदयाला ब्रेक लावायचं काम करतं. थिओब्रोमिन नेमका तोच ब्रेक निकामी करतं, शिवाय स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम वाढवतं. म्हणून आधी कुत्रा "जरा जास्तच उत्साहात" दिसतो. घरच्यांना वाटतं, बरा आहे. प्रत्यक्षात हीच सुरुवात असते: एका जागी न बसणं, भांडंभर पाणी पिणं, पुन्हा पुन्हा लघवी, पोट फुगणं, उलटी. पुढे धापा, वेगाने पळणारं हृदय, लडखडती चाल, अंगाला कंप, ताप, झटके. माणसाच्या रक्तातलं थिओब्रोमिन सहा ते दहा तासांत निम्मं होतं. कुत्र्याला त्यासाठी साडेसतरा तास लागतात. दीड दिवसानंतरही पाव हिस्सा शिल्लक असतो. म्हणून चांगली तगडी मात्रा गेली असेल तर तीन-तीन दिवस लक्षणं चालतात, आणि "रात्री बरा होता, सकाळी फिट आली" असंही घडतं.

मीठ-पाण्याबद्दल स्पष्टच सांगतो. उलटी होईल इतकं मीठ पोटात गेलं आणि उलटी झालीच नाही, तर रक्तातलं सोडियम वाढतं आणि त्यानेच कंप आणि झटके येतात. थिओब्रोमिनच्या झटक्यांत मिठाचे झटके मिसळले की डॉक्टरांनाही काय चाललंय ते उलगडायला वेळ लागतो. घशात बोट घालून कुत्र्याला उलटी होत नाही, फक्त बोट चावलं जातं. मोहरीचं पाणी, कच्चं अंडं, तेल, तूप यांपैकी काहीही नको. "दूध पाजा, विष उतरेल" हेही नको. दुधाने थिओब्रोमिन उतरत नाही, उलट आधीच चरबीने भरलेल्या पोटात आणखी चरबी पडते.

हायड्रोजन पेरॉक्साइडने उलटी करवण्याचा उपाय इंटरनेटवर सगळीकडे सापडतो. तिथे लिहिलेलं प्रमाण ३ टक्क्यांच्या द्रावणाचं असतं. आपल्याकडे मेडिकलमध्ये हातात येणारी बाटली पुष्कळदा ६ टक्क्यांची, म्हणजे २० व्हॉल्यूमची असते. न वाचता दिली तर अन्ननलिका आणि जठराचं अस्तर पोळतं, रक्ताच्या उलट्या होतात. मांजरीला ते कधीच द्यायचं नाही. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांमध्ये उलटी श्वासनलिकेत जाण्याची भीती जास्त. गुंगीत असलेल्या, कंप सुटलेल्या किंवा आधीच भडाभडा ओकणाऱ्या जनावरालाही उलटीचं काही द्यायचं नसतं. माझं मत असं की नागपूर शहरात राहणाऱ्याला पेरॉक्साइडची गरज पडू नये. अर्ध्या-पाऊण तासात कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात पोचता येतं. काटोल-रामटेककडच्या एखाद्या गावात, रात्री, गाडी नाही, अशी परिस्थिती असेल तर डॉक्टरांना फोन लावून, बाटलीवरचे टक्के त्यांना वाचून दाखवून, ते सांगतील तेवढंच.

कोळशाच्या गोळ्यांचंही तसंच. ॲक्टिव्हेटेड चारकोल या विषबाधेत खरोखर उपयोगी आहे, पण मात्रा किलोमागे एक ते चार ग्रॅम. सात किलोच्या कुत्र्याला कमीत कमी सात ग्रॅम. मेडिकलची गोळी २५० मिलिग्रॅमची असेल तर त्या २८ गोळ्या झाल्या, आणि त्या तोंडात कोंबताना फुफ्फुसात गेल्या तर चॉकलेटपेक्षा मोठं दुखणं. चुलीतला किंवा शेगडीतला कोळसा तर कामाचाच नाही. त्याला विष धरून ठेवण्याइतकी सूक्ष्म छिद्रं नसतात.

निघण्याआधी एवढंच करा: वेष्टनाचा फोटो काढा, खाल्ल्याची वेळ लिहा, वजन लिहा आणि दवाखान्यात फोन करून "अमुक किलोचा कुत्रा, अमुक प्रकारचं इतके ग्रॅम चॉकलेट, इतक्या वाजता" हे एका वाक्यात सांगा. ते वाक्य ऐकलं की पलीकडच्या माणसाला दहा प्रश्न विचारावे लागत नाहीत. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, पण रात्री-अपरात्री कुठे डॉक्टर भेटतात हे संकट आल्यावर शोधायचं नसतं. आपल्या भागातले रात्री फोन उचलणारे दोन खासगी दवाखाने आधीच विचारून नंबर मोबाइलमध्ये ठेवावेत. मानेवाडा किंवा हिंगण्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यात उलटी करवण्याची चांगली वेळ रस्त्यातच निघून जाते. उन्हाळा असेल तर गाडी आधी थंड करून मग कुत्र्याला बसवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो, बंद गाडीत त्याहून वर. थिओब्रोमिनने आधीच चढणाऱ्या तापात बाहेरची उष्णता मिसळली की धाप कशामुळे लागली तेही कळत नाही.

दवाखान्यात पहिलं काम उलटीचं. कुत्र्याला त्यासाठी ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन असतं, मांजरीला झायलाझिनसारखं वेगळं औषध. दोन तास उलटून गेले म्हणून जाणं टाळू नका. चॉकलेट पोटात वितळून चिकट गोळा होतं आणि जठरात बराच वेळ अडकून राहतं. चार-सहा तासांनीही उलटीत काळा लगदा पडतो. उलटी थांबल्यावर चारकोल, आणि मात्रा जास्त असेल तर तो दर बारा तासांनी पुन्हा. कारण थिओब्रोमिन यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतं आणि तिथून परत रक्तात शोषलं जातं. चारकोल देताना अंगात पाणी पुरेसं हवं, नाहीतर सोडियम चढतं, म्हणून सोबत सलाइन.

सलाइनचं आणखी एक कारण आहे, आणि तिथे घरच्यांचीही मदत लागते. ही द्रव्यं लघवीत उतरतात, पण मूत्राशयाच्या भिंतीतून पुन्हा रक्तात शिरतात. लघवी तुंबली की विष परत अंगात. म्हणून दाखल केलेल्या कुत्र्याला मूत्रनळी घालतात किंवा दर तीन-चार तासांनी बाहेर नेतात. घरी पाठवलं असेल तर हे काम तुमचं, रात्रीसुद्धा. घरात लघवी न करणारी शिस्तीची कुत्री इथे अडचणीत येतात, कारण ती सकाळपर्यंत रोखून धरतात.

हृदय फार वेगाने धावत असेल तर ईसीजी बघून प्रोप्रॅनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, लय बिघडली असेल तर कुत्र्याला लिडोकेन, कंप आणि झटक्यांना डायझेपाम, ते पुरलं नाही तर फिनोबार्बिटल. थिओब्रोमिनवर उतारा म्हणून एकच एक औषध नाही. सगळा उपचार म्हणजे आत जाणारं विष अडवणं, गेलेलं बाहेर काढणं आणि तोवर हृदय-मेंदू सांभाळणं. दाखल करून घेतात ते याचसाठी.

डॉक्टरांनी न विचारताही सांगायची गोष्ट म्हणजे कुत्र्याला चालू असलेली औषधं. खोकल्यासाठी, दम लागतो म्हणून थिओफिलिन-इटोफिलिन देतात. ते थिओब्रोमिनच्याच कुळातलं आहे, म्हणजे चॉकलेटआधीच कुत्रा थोडा भरलेला आहे. वर काढलेला २० चा हिशेब अशा कुत्र्याला लागू नाही, त्याची पायरी खूप आधी येते. एरिथ्रोमायसिन आणि स्टेरॉइडमुळे ही द्रव्यं शरीराबाहेर पडायला आणखी वेळ लागतो. खाज-ॲलर्जीसाठी स्टेरॉइडवर असलेली कुत्री आपल्याकडे कमी नाहीत.

घरी बघत बसायची वेळ आली, म्हणजे हिशेब १० च्या खाली आला आणि डॉक्टरांनी "नजर ठेवा" म्हटलं, तर नुसतं "ठीक दिसतोय" यावर विसंबू नका. डाव्या कोपराच्या मागे छातीवर तळहात ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. झोपलेल्या किंवा शांत पडलेल्या लहान कुत्र्याचे १०० ते १४०, मोठ्याचे ६० ते १००. लहान कुत्र्याचे १८० च्या वर, मोठ्याचे १४० च्या वर आणि तेही शांत असताना, असं दोनदा मोजून आलं तर निघा. गुदद्वारातून घेतलेलं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट चालतं. १०४ च्या वर गेलं तर नळाच्या पाण्याने अंग ओलं करून पंख्याखाली ठेवा आणि निघा. बर्फ नको, त्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. हे मोजमाप १२ तास तरी दर दोन तासांनी.

चॉकलेटसोबत पोटात जाणाऱ्या बाकीच्या गोष्टी कधी कधी चॉकलेटहूनही वाईट असतात. बेदाणे घातलेलं असेल तर मूत्रपिंडाचा धोका. बेदाणे-द्राक्षांत सुरक्षित मात्रा धरून चालत नाहीत, कारण एका कुत्र्याला मूठभर पचतात आणि दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशाने बंद पडतात. चिंचेतही द्राक्षांसारखं टार्टारिक आम्ल असतं, तेव्हा चिंचेच्या गोळ्याही दूरच. शुगर-फ्री चॉकलेट असेल तर वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत साखरेऐवजी घातलेल्या पदार्थाचा आकडा वाचा. ९६५ म्हणजे माल्टिटॉल, त्याने पोट धडाधड सुटेल, त्यापलीकडे फारसं नाही. ९६७ म्हणजे झायलिटॉल. हे कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिनचा लोट आणतं आणि किलोमागे ०.१ ग्रॅमनेही रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात खाली जाते, ०.५ ग्रॅमच्या वर यकृत निकामी होऊ शकतं. ९६७ दिसलं की चॉकलेटचा हिशेब करत बसू नका, सरळ पळा. चमकीचा कागद आणि प्लॅस्टिक गिळलं असेल तर पुढचे तीन-चार दिवस शी होतेय का, उलट्या पुन्हा सुरू होतायत का, हे बघा. कॉफीच्या बिया, कॉफीचा चोथा आणि कुंडीत टाकलेली चहाची पत्ती यांत कॅफिन असतं, लक्षणं तीच, फक्त लवकर दिसतात. कोकोपीटचा मात्र या कोकोशी काही संबंध नाही, ते नारळाच्या काथ्याचं असतं.

विष उतरल्यावर एक गोष्ट राहते. चॉकलेट आणि केकमधल्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती एक ते चार दिवसांनी डोकं काढते. कुत्रा बरा होऊन घरी आला आणि तिसऱ्या दिवशी जेवणाला तोंड लावत नाही, पुढचे पाय जमिनीवर टेकून ढुंगण वर करून उभा राहतो, पोटाला हात लावू देत नाही, पुन्हा उलट्या, तर ती चॉकलेटचीच उरलेली बाकी आहे. परत न्या. त्या आठवड्यात बिनमिठाचा मऊ भात आणि कातडी काढून उकडलेलं चिकन, थोडं थोडं, चार वेळा. तूप, साय, पनीर, मटणाचा रस्सा नाही.

मांजरींबद्दल थोडंच. मांजरीला गोड चव कळत नाही, तिच्या जिभेवर ती चव ओळखणारा रिसेप्टरच काम करत नाही, म्हणून ती सहसा चॉकलेटच्या वाटेला जात नाही. पण क्रीम, गनाश, आइस्क्रीम यांतल्या चरबीसाठी चाटते, आणि चार किलोच्या जिवाला थोडंही पुरतं. पोपट आणि इतर पाखरं, ससे, हॅमस्टर यांच्यासाठी हिशेब करत बसू नका. सशाला तर उलटी करताच येत नाही. कणभर खाल्लं तरी डॉक्टरांना विचारा.

घरात चॉकलेट कुठे सापडतं याचा अंदाज सणांवरून बांधता येतो. दिवाळीचे बॉक्स टीपॉयवर, राखीचं ताट खाली, गणपतीचे चॉकलेट मोदक पाटाजवळ. आणि नागपूरकरांनी तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ विसरू नये: मुलं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरून बोजारा (बैलाच्या नावाने मिळणारे पैसे) आणि खाऊ गोळा करून येतात, पिशवी पलंगावर टाकतात आणि खेळायला पळतात. कुत्र्याचं नाक तिथेच असतं. उन्हाळ्यात चॉकलेट फ्रिजमध्ये जातं म्हणून मे महिना त्यातल्या त्यात बरा. बेकिंग करणाऱ्यांनी कोको आणि कंपाउंड घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्याच्या वरच्या कपाटात ठेवावं. पिठाचा डबा उघडणारी कुत्री फिरकीचं झाकण सहसा उघडू शकत नाहीत.

राहिला चटकेचा प्रश्न. कुत्र्याला चॉकलेटच हवं असतं असं नाही, त्याला तुमच्या हातातलं हवं असतं. गाजराचा तुकडा, काकडी, बिया काढलेल्या सफरचंदाची फोड, उकडलेलं रताळं, यांपैकी काहीही त्याच वेळी, त्याच हाताने द्या. पांढरं चॉकलेट "त्यात विष नाही ना" म्हणून चालू करू नका. ती निव्वळ साखर आणि चरबी आहे, आणि स्पिट्झला तीच नडते. संत्र्याच्या बिया-साली काढून एक-दोन फोडी दिल्या तरी चालतात. बरीच कुत्री ती तोंड वाकडं करून परत टाकतात, काही मात्र मिटक्या मारत खातात.